पूर्णवेळ

काकांच्या पिढीत समाजकार्यात कुणी अर्ज करून शिरलं नाही. वाट शाखेवरून आणि छावणीतून जायची. १९४१ साली राष्ट्र सेवा दल पुण्यात एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली नव्यानं उभं राहिलं, तेव्हाच्या सैनिकांत आमचे आजोबा होते. घरातली पोरं मग शाखेवरच वाढली.

काका पुढे सोमनाथला गेले. मूल तालुक्यातल्या त्या जंगलात बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये काम उभारलं आणि उन्हाळ्यात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. मे महिन्यातला चंद्रपूरचा उन्हाळा! पहाटे अंधारात कुदळ-फावडं घेऊन बाहेर पडायचं, ऊन चढायच्या आत बांधाचं काम उरकायचं, दुपारी मांडवात चर्चा. काका सांगत, खरी परीक्षा खोदकामाची नव्हती, पंगतीची होती. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक तिथं शेती करायचे आणि त्यांनीच पिकवलेलं धान्य पानात यायचं. महारोग्याच्या सावलीलाही लोक घाबरत, तो काळ. पहिला घास घेताना काकांचा हात थबकला, दुसरा घेताना नाही. पुढच्या आयुष्याचा निकाल त्याच पंगतीत लागला, असं ते मानत. १९७३ च्या डिसेंबरात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, त्यांच्या सोबतीला छावणीतलेच काही तरुण उभे राहिले. काका मात्र सातारा भागात परतले आणि धरणग्रस्तांच्या कामात पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

ही गोष्ट काकांकडून ऐकली की इथंच संपायची. काकूकडून ऐकली की इथून सुरू व्हायची.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. "अगं, ते पूर्णवेळ होते म्हणजे माझा पगार पूर्णवेळ होता," ती म्हणायची. तिच्या आवाजात तक्रार नसे. हिशेब असे. वाणसामान, दोन मुलांच्या फिया, मोर्चाहून रात्री येणाऱ्या पाहुण्यांच्या भाकऱ्या, सारं त्या पगारातून. महाराष्ट्रातल्या कितीतरी चळवळी अशा शिक्षिकांच्या आणि नर्सबाईंच्या पगारावर चालल्या. त्यांची नावं कोणत्याही अहवालात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्यकर्त्यांच्या घरखर्चाची ही अडचण काही जणांनी वेळीच ओळखली. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत नट-नट्यांना घेऊन लावले आणि जमलेल्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. रक्कम मोठी नव्हती. पण कार्यकर्त्याच्या चुलीची काळजी समाजानं घ्यायची असते, हे नाटकाचं तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकानं मान्य केलं. मला हा प्रसंग आपल्या सामाजिक इतिहासातला फार मोलाचा वाटतो.

माझी वाट सरकारी होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. माझ्या वेळेपर्यंत ती गावोगावच्या महाविद्यालयांत पोचली होती. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बरेचजण वाढीव गुणांसाठी येत, आणि आले तरी बिघडत नाही. शोषखड्डा खणताना गुणांचा विसर पडतोच. आमच्या शिबिरात एका आजीबाईंनी घरामागचं सांडपाणी दाखवून विचारलं, "तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार?" पदवीनंतर मी पाण्याच्या कामात गेले ती या प्रश्नामुळे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागाहून घेतली.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी संस्थाचालकांना भविष्यनिर्वाह निधीबद्दल विचारलं. समाजसेवेला येणारी मुलगी हे विचारते म्हणून ते चकित झाले. घरी काकांचाही चेहरा पडला. काकू म्हणाली, "बरोबर विचारलंस. नेमणूकपत्रात लिहून घे."

मी लिहून घेतलं.