स्पंजाची किंमत

१/ अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रात सापडलेले दातेरी चाकांचे प्राचीन ग्रीक यंत्र इतिहासप्रेमींना परिचित आहे. ते ज्या बुडालेल्या जहाजात होते, ते जहाज मात्र कोणा पुरातत्त्वज्ञाला नव्हे, तर १९०० साली स्पंज गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना आढळले. ही माणसे इतक्या खोल का उतरत होती आणि त्यासाठी काय मोजत होती, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ त्यांना हवा होता 'स्पंजिया ऑफिसिनॅलिस', म्हणजेच अंघोळीचा स्पंज. ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे. मात्र त्याला तोंड, पोट वा मज्जासंस्था नाही. खडकाला चिकटून तो सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढतो, त्यातील जिवाणू व अन्नकण टिपतो आणि मोठ्या छिद्रांतून पाणी बाहेर सोडतो. स्पंजांमधील हा प्रवाह स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी १८२० च्या दशकात निरीक्षणाने दाखवून दिला.

३/ बहुतेक स्पंजांच्या सांगाड्यात सिलिकाचे अणकुचीदार काटे असतात. या जातीत ते नसतात. तिचा सांगाडा 'स्पाँजिन' या प्रथिनाच्या लवचिक तंतूंचा असतो. तुडवून, धुऊन जिवंत पेशी काढून टाकल्या की पाणी धरून ठेवणारे मऊ जाळे उरते. होमरच्या 'ओडिसी'त सेवक स्पंजाने मेजे पुसतात. शिरस्त्राणांना स्पंजाचे अस्तर लावत, असे ॲरिस्टॉटल नोंदवतो.

४/ कालिम्नोस व सिमी ही तेव्हा ऑटोमन साम्राज्यातील बेटे या व्यवसायाची केंद्रे होती. तेथील पाणबुडे हातात सपाट दगड धरून एका श्वासात तळ गाठत. १८६० च्या दशकात तांब्याचा टोप आणि नळीने हवा पुरवणारा पोशाख आला. आता माणूस अधिक खोल जाऊ लागला आणि तळाशी बराच वेळ थांबू लागला.

५/ खोल पाण्यातील दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. झटकन वर आल्यास, सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. पॉल बेर यांनी हे कारण १८७८ च्या ग्रंथात मांडले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची जॉन स्कॉट हॉल्डेन यांची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली.

६/ तथापि दोष केवळ अज्ञानाचा नव्हता. हंगामापूर्वी पाणबुड्यांना उचल मिळे. ती घरातच खर्च होई आणि मग हंगामभर स्पंज काढून फेडावी लागे. एकच पोशाख अनेकजण आळीपाळीने वापरत. अशा व्यवहारात सावकाश वर येणे म्हणजे वेळ आणि माल दोन्ही गमावणे.

७/ अँटिकिथेराचे अवशेष सुमारे ४५ मीटर खोल होते. १९०० च्या अखेरीस ग्रीक शासनाने ते काढण्याचे काम सिमीच्या त्याच पाणबुड्यांना दिले. १९०१ पर्यंत त्यांनी ब्राँझचे व संगमरवरी पुतळे वर आणले. त्या कामात एकाचा मृत्यू झाला आणि दोघे पांगळे झाले.

८/ ते यंत्र आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कालिम्नोसमध्ये 'मिहानिकोस' नावाचे नृत्य होते. त्यात रांगेतील म्होरक्या काठीचा आधार घेऊन थरथरत्या पायांनी नाचतो. ती चाल लुळ्या झालेल्या पाणबुड्याची आहे.