उशाशी दिवा : डॉ. जॉन्सन आणि चिंतेची रोजची निगा

मराठी वाचकाची डॉ. सॅम्युअल जॉन्सनशी ओळख झाली ती मुख्यत्वे चिपळूणकरांच्या घरातून. 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. पुढे १८७४ साली 'निबंधमाला' सुरू झाल्यावर विष्णुशास्त्र्यांनी तीत जॉन्सनचे चरित्रही विस्ताराने लिहिले. आपल्या मनावर ठसलेला जॉन्सन तो हाच : मोजके लेखनिक हाताशी घेऊन १७५५ साली इंग्रजीचा कोश सिद्ध करणारा, लॉर्ड चेस्टरफील्डच्या उशिरा आलेल्या आश्रयाला पत्रातून फटकारणारा, लेखणीवर पोट भरून ताठ राहणारा. एम.ए.च्या वर्गात निबंधमालेवर बोलताना आम्हीही वर्षानुवर्षे हाच जॉन्सन उभा करीत आलो. मात्र या थोर पुरुषाला आपले मन आपल्या ताब्यातून जाईल अशी भीती जन्मभर वाटत होती आणि त्या भीतीसह दिवस कसा काढावा याचा त्याने बारीक अभ्यास केला होता, ही बाजू वर्गात फारशी येत नाही. आज ती आणावीशी वाटते. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस वर्गात दिसेनासे होणारे, तोंडी परीक्षेच्या दारावरून परत फिरणारे विद्यार्थी आम्ही सर्वच जण पाहतो. आणि 'मन खंबीर कर' यापलीकडे त्यांना सांगण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळदा काही नसते.

आधी एक सावधगिरी. अठराव्या शतकात या अवस्थेला 'मेलँकली' किंवा 'हायपोकाँड्रिया' म्हणत. त्या शब्दांच्या पोटात विषण्णता, धास्ती, अपराधी भाव, निद्रानाश असे पुष्कळ काही मावत असे. आजच्या 'चिंताविकारा'चे लेबल जॉन्सनला चिकटवण्याचा आमचा विचार नाही. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे निदान करण्याचा छंद समीक्षकांना का जडतो हे आम्हांला कधी उमगलेले नाही.

त्याचा पहिला मोठा झटका १७२९चा. वय वीस, पैशाअभावी ऑक्सफर्ड सुटण्याच्या बेतात. बॉस्वेलने नोंदले आहे की या काळात कधीकधी जॉन्सनला इतकी ग्लानी येई, की गावच्या घड्याळात किती वाजले हेही त्याला कळत नसे. यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे चालणे. लिचफिल्डहून बर्मिंगहॅमपर्यंत जायचे आणि परत यायचे. जाऊन-येऊन तीस मैलांच्या घरात. उपाय पुरता लागू पडला असे बॉस्वेल म्हणत नाही.

याच वेळची दुसरी गोष्ट आम्हां शिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. जॉन्सनने आपल्या आजाराचे सविस्तर टिपण लॅटिनमध्ये लिहून आपले धर्मपिता डॉ. स्विन्फेन यांना दिले. ते वाचून डॉक्टर चकित झाले. पण भाषेने, बुद्धीच्या धारेने. कौतुकाच्या भरात त्यांनी ते टिपण चार जणांना दाखवले. जॉन्सनला हे कळले तेव्हा तो इतका दुखावला, की त्या दोघांतला दुरावा नंतर कधी पुरता मिटला नाही. मुलाचे दुखणे वाचायचे सोडून त्याची शैली वाचली गेली! साहित्य शिकवणाऱ्यांना हा मोह अपरिचित नाही. एखाद्या विद्यार्थिनीने विश्वासाने लिहून दिलेली चार पाने 'काय सुंदर लिहिलंय बघा' म्हणून स्टाफरूममध्ये फिरतात, तेव्हा स्विन्फेनच पुन्हा अवतरलेला असतो.

जॉन्सनच्या मृत्यूनंतर १७८५ साली त्याच्या प्रार्थना आणि चिंतनाच्या नोंदी छापल्या गेल्या. त्या वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. वर्षामागून वर्षे तेच संकल्प : लवकर उठेन, वेळेचा हिशेब ठेवीन, आळस सोडीन. १७६४च्या वाढदिवशी तो खेदाने लिहितो की पंचावन्न वर्षे संकल्प करण्यातच गेली. पण लगेच पुढच्या वर्षीच्या ईस्टरची नोंद पाहावी. तिथे तो ठरवतो की आठ वाजता उठायचे. आठ म्हणजे काही लवकर नव्हे हे त्याला मान्य आहे. पण तो एरवी दुपारी दोनपर्यंत अंथरुणात पडून असे, त्यामानाने हे पुष्कळच लवकर. पहाटे उठणाऱ्या आदर्श माणसाशी तुलना सोडून त्याने आपले माप आपल्याच कालच्या दिवसाशी जोडले, हा बदल आम्हांला कोशाइतकाच थोर वाटतो. आपल्याकडे दिनचर्येचा उपदेश बहुधा ब्राह्ममुहूर्तापासून सुरू होतो. रात्रभर छातीत धडधड घेऊन जागलेल्या मुलाला तो पहिल्याच पायरीवर नापास करतो.

या अनुभवाचे सार १७७६च्या मार्चमध्ये बॉस्वेलशी झालेल्या बोलण्यात आले आहे. बॉस्वेल स्वतः याच व्याधीचा; पुढे 'लंडन मॅगझिन'मध्ये त्याने 'हायपोकाँड्रिअ‍ॅक' या नावाने १७७७ ते १७८३ अशी लेखमाला चालवली. त्याने विचारले, त्रासदायक विचारांना विचारानेच खाली दाबता येणार नाही का? जॉन्सनने साफ नाही म्हटले. त्यांच्याशी झुंज घेणे हाच वेडेपणा. मन दुसरीकडे वळवावे. कसे? निजण्याच्या खोलीत दिवा तेवत ठेवावा. रात्री जाग येऊन मन उधळले की पुस्तक घ्यावे, वाचावे आणि मग पुन्हा निजावे. मनाला विसाव्याच्या जागा जितक्या करता येतील तितक्या कराव्यात. रसायनशास्त्र शिकावे का, असे बॉस्वेलने विचारल्यावर उत्तर मिळाले की रसायन शिका, दोरीवर नाचायला शिका, त्या वेळी ज्याकडे ओढ असेल ते काहीही शिका.

हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडू नये, उठून शांतपणे काही करावे, असे निद्रानाशावरचे आजचे उपचारकही सांगतात. मात्र मन दुसरीकडे वळवण्याची सवय टाळाटाळीत बदलू शकते, ही पुस्तीही ते जोडतील. ज्या वर्गाची भीती वाटते त्या वर्गात न जाता कादंबरी वाचत बसणे म्हणजे जॉन्सनचा उपाय नव्हे.

हीच कल्पना १७५९च्या 'रासेलस'मध्ये येऊन गेली आहे. ऋतू आणि पाऊस आपल्याच आज्ञेत आहेत, आपण चुकलो तर जग बुडेल, अशा समजुतीने पिचलेला ज्योतिर्विद तिथे भेटतो. अवाढव्य जबाबदारीचा हा भ्रम चिंतेने ग्रासलेल्या कुणालाही ओळखीचा वाटावा. त्याला युक्तिवादाने कुणी बरा करीत नाही. तो माणसांत येऊ लागतो आणि हळूहळू भ्रमाची पकड सुटते. शंका दाराशी आली की तिच्याशी वाटाघाट करू नकोस, कामाकडे नाहीतर पेकुआकडे जा, असा इम्लाकचा सल्ला आहे. तो लिहिला गेला त्याच सुमारास जॉन्सनची आई वारली.

जॉन्सनच्या आधी रॉबर्ट बर्टनने 'अ‍ॅनॅटमी ऑफ मेलँकली' (१६२१) या अजस्र ग्रंथाचा शेवट एकांत आणि निरुद्योग दोन्ही टाळा, असे सांगून केला होता. ठरल्या वेळेपेक्षा दोन तास आधी अंथरुणातून उठवणारे एवढे एकच पुस्तक, असे जॉन्सन त्याबद्दल म्हणे. पण १७७९च्या ऑक्टोबरात बॉस्वेलला लिहिताना त्याने गुरूचे सूत्र सैल केले : रिकामे असाल तर एकटे राहू नका, एकटे असाल तर रिकामे राहू नका. दोन्ही एकदम साधले नाही तरी चालेल. बर्टनची अट पाळणे रोज शक्य नसते. जॉन्सनची बहुतेक दिवशी पाळता येते.

आणि तरीही हे सारे एकट्याने पेलले नाही. १७६६ साली थ्रेल दांपत्याला तो अत्यंत वाईट अवस्थेत आढळला. त्यांनी त्याला आपल्या स्ट्रेटमच्या घरी नेले आणि पुढे कितीतरी वर्षे तिथे त्याची खोली राखीव राहिली. तिथे तो भट्टी पेटवून रसायनाचे प्रयोग करी. अखेर अपघात होईल या धास्तीने थ्रेलने ते थांबवले. मन अस्थिर झाले की तो अंकगणित घेऊन बसे. डॉक्टरांचे सल्लेही तो आयुष्यभर घेत राहिला. आजच्या विद्यार्थ्याला हे आवर्जून सांगावे : झोप, जेवण, अभ्यास मोडू लागले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, २०२२पासून 'टेलिमानस'ची १४४१६ ही सेवाही आहे.

लंडनमधल्या त्याच्या स्वतःच्या घरी अंध कवयित्री अ‍ॅना विल्यम्स होती, गोरगरिबांना औषध देणारा रॉबर्ट लेव्हेट होता, जमेकाहून आलेला फ्रान्सिस बार्बर होता, आणि हॉज नावाचे मांजर, ज्याच्यासाठी जॉन्सन स्वतः बाजारातून कालवे आणी. ही मंडळी आपसांत भांडत. पण रात्री कितीही उशीर झाला तरी विल्यम्सबाई चहा घेऊन त्याच्यासाठी जाग्या असत. पुढे या घरात आणखी एक स्त्री आश्रयाला आली : श्रीमती डेमुलां. ती डॉ. स्विन्फेनची मुलगी, त्या लॅटिन टिपणाची हकिकत बॉस्वेलला कळली ती तिच्याकडूनच.