बैत साहूरची करबंदी

बेथलेहेमच्या पूर्वेकडील डोंगरउतारावर वसलेले बैत साहूर हे गाव ख्रिस्ती जगाला परिचित आहे ते तेथील मेंढपाळांच्या कुरणामुळे. येशूच्या जन्माची वार्ता ज्या मेंढपाळांच्या कानी सर्वांआधी पडली ते याच शिवारात रात्री कळप राखीत बसले होते, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून तिच्या आधाराने येथे प्रार्थनामंदिरे उभी राहिली, यात्रेकरूंचा राबता सुरू झाला आणि त्यांच्यासाठी ऑलिव्हच्या लाकडाच्या व शिंपल्याच्या मूर्ती, माळा, क्रूस घडविणारे कारागीर घरोघर तयार झाले. परंतु या गावाच्या इतिहासातील ज्या प्रकरणाला मी सर्वांत थोर मानतो ते आपल्या हयातीतले आहे. ते कराच्या पावत्यांचे, जप्तीच्या मालाचे आणि ओळखपत्रांचे प्रकरण आहे, आणि दूरदेशीची माणसे पॅलेस्टाइनमध्ये येऊन तेथील रयतेच्या बाजूने उभी राहतात ती चळवळ ज्या मुळांतून वाढली त्यांपैकी एक बळकट मूळ या गावाच्या मातीत आहे.

जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा जून १९६७ च्या युद्धात इस्रायलच्या ताब्यात गेला तेव्हा उस्मानी तुर्कांचे, ब्रिटिशांचे आणि जॉर्डनचे असे तीन राजवटींचे कायदे तेथे एकावर एक साचलेले होते. त्यांवर लष्करी अंमलदाराच्या हुकुमांचा चौथा थर चढला, आणि जमीन, पाणी, शाळा, छापखाना, इतकेच काय पण शेतात फळझाड लावणे हीसुद्धा परवान्याची बाब झाली. १९७६ मध्ये अशाच एका हुकुमाने मूल्यवर्धित कर लागू करण्यात आला. व्यापलेल्या मुलखात चालत आलेली करपद्धती शक्यतो तशीच ठेवावी आणि जमा झालेला पैसा त्याच मुलखाच्या कारभारावर खर्च करावा, असा १९०७ च्या हेग नियमावलीचा दंडक असताना हा नवा कर बसविता येतो कसा, अशी फिर्याद तेथील व्यापाऱ्यांनी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात नेली. १९८३ मध्ये न्यायालयाने कर वैध ठरविला. वसूल झालेल्या रकमेचा विनियोग कसा होतो याचा हिशेब रयतेपुढे मांडला जात नसे, करआकारणी पुष्कळदा अधिकाऱ्याच्या अंदाजावर चाले, आणि कर भरल्याचा दाखला नसेल तर वाहन चालविण्यापासून नदीपलीकडे जॉर्डनला जाण्यापर्यंतचा कोणताही परवाना अडून राही. ज्याने आपल्यावर अंमल चालवावा असे आपण कधी म्हटले नाही, त्याच्याच तिजोरीत आपल्या गुलामीचा खर्च आपण भरतो आहोत, ही जाणीव दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला दर महिन्याला होत असे.

डिसेंबर १९८७ मध्ये गाझातील जबालिया छावणीत जो उठाव पेटला आणि इंतिफादा या नावाने जो जगभर ओळखला गेला, त्याची छायाचित्रे बहुधा दगड भिरकावणाऱ्या मुलांची असत. बैत साहूरने निराळा मार्ग धरला. सुमारे बारा हजार वस्तीचे, बहुसंख्य ख्रिस्ती आणि त्यांच्याबरोबर मुसलमानही नांदत असलेले हे गाव शिकलेल्यांचे, औषधविक्रेत्यांचे, अध्यापकांचे, छोट्या कारखानदारांचे; हिशेब ठेवण्याची आणि सभा भरविण्याची सवय अंगी मुरलेले. शाळांना सरकारने टाळे ठोकले तेव्हा गल्लीगल्लीत समित्या स्थापन होऊन घरांतून वर्ग भरू लागले. जाद इसहाक नावाचे कृषिशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचे स्नेही यांनी एक साधी वखार उघडली आणि तेथून बी-बियाणे, रोपे, कोंबडीची पिले, ठिबकाच्या नळ्या असा माल गावकऱ्यांना माफक दरात पुरविण्यास प्रारंभ केला, या हेतूने की इस्रायली बाजारावाचून पोट भरण्याची तजवीज ज्याची त्याला आपल्या परसात करता यावी. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात राजद्रोह पाहणारी राजवट आतून किती धास्तावलेली असली पाहिजे! वखार काही महिन्यांतच बंद करावी लागली, आणि जुलै १९८८ मध्ये प्राध्यापकांना अटक होऊन खटला न चालविता सुमारे पाच महिने नेगेव वाळवंटातील केत्सिओतच्या छावणीत डांबण्यात आले. पुढे ऑगस्टात गल्लीसमित्याच बेकायदा ठरल्या.

गाईंची हकीकतही याच काळातली. दुधासाठी परावलंबन नको म्हणून गावाने अठरा गाई विकत आणल्या, आणि त्याही एका इस्रायली किबुत्झकडून, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीकडून. त्यांची जोपासना कशी करावी हे ज्यांनी जन्मात धार काढली नव्हती त्यांनी शिकून घेतले. लष्कराने गोठ्यावर येऊन गाईंची छायाचित्रे काढली, त्यांना सुरक्षिततेला धोका ठरविले आणि गोठा मोडण्याची मुदत घालून दिली. तेव्हा गावकऱ्यांनी त्या रातोरात हलविल्या, लपविल्या, आणि संचारबंदीच्या काळातही मुलांच्या घरी दूध पोचते ठेवले. १९२८ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने बारडोली तालुक्याचा सारा बावीस टक्क्यांनी वाढविला असता तेथील कुणब्यांनी जप्तीवाल्यांच्या हाती लागू नयेत म्हणून आपल्या म्हशी महिनोन्‌महिने बंद दाराआड सांभाळल्या होत्या, हे ज्याने वाचले आहे त्याला बैत साहूरचे गोठे परके वाटणार नाहीत. सरकारचा हात माणसाच्या चुलीपर्यंत पोचला की प्रतिकारही चुलीपासूनच सुरू होतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसून आले.

कर न भरण्याचा आदेश उठावाच्या भूमिगत नेतृत्वाने सर्वत्र दिला होता. तो पुष्कळ ठिकाणी पाळला गेला आणि पुष्कळ ठिकाणी दडपणाखाली मोडला. बैत साहूरने तो मात्र गावकीचा निश्चय म्हणून उचलला आणि ज्या सत्तेत आमचा प्रतिनिधी नाही तिला आमचा कर नाही, हे अमेरिकन वसाहतींनी ब्रिटिश राजाला ऐकविलेले तत्त्व पुढे केले. जुलै १९८८ मध्ये करवसुलीसाठी धाडी पडू लागताच शेकडो गावकऱ्यांनी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आपली ओळखपत्रे परत केली. या कृतीचे गांभीर्य दुरून लक्षात येणे कठीण आहे. लष्करी अंमलाखालील पॅलेस्टिनी माणसाला ते छोटेसे पत्र खिशात नसेल तर नाक्यापलीकडे जाता येत नाही, मजुरीला जाता येत नाही, दवाखान्याच्या वाटेवरही त्याला अटक होऊ शकते; म्हणजे ज्या कागदाने राजवट त्याला बांधते त्याच कागदावाचून त्याचे जगणे अशक्य करून ठेवलेले असते. असा कागद स्वखुशीने टेबलावर ठेवून घरी निघून जाणे यात जो निर्धार आहे तो मला एखाद्या मोर्चाहून मोठा वाटतो.

खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. सप्टेंबर १९८९ च्या उत्तरार्धात लष्कराने गावाला वेढा दिला, दूरध्वनीच्या तारा तोडल्या, अन्नाची आवक रोखली, संचारबंदी पुकारली, आणि करखात्याचे अधिकारी सैनिकांच्या पहाऱ्यात दारोदार फिरू लागले. वेढा उठेतो सहा आठवडे गेले. संरक्षणमंत्री यित्झाक राबिन यांनी हा निग्रह मोडून काढण्याचा विडा उचलला होता, आणि जप्तीची रीत त्याला साजेशीच होती. थकबाकीच्या प्रमाणात माल उचलावा हा कोणत्याही महसुली कायद्यातला साधा नियम. येथे दुकान संपूर्ण रिकामे होई. औषधांच्या फळ्या मोकळ्या झाल्या, ऑलिव्हचे लाकूड कोरणाऱ्या कारागिरांची यंत्रे उचलली गेली, घरांतून शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच, खुर्च्या, पलंग निघाले, आणि मालमोटारींवर लादून लिलावासाठी इस्रायलमध्ये रवाना झाले, जेथे ते खऱ्या किमतीच्या अल्पांशाला विकले गेले. चाळीसच्या आसपास माणसे तुरुंगात गेली. ज्याचे घर धुऊन नेले त्याच्याकडे शेजारी आपली भांडी आणि अंथरुणे घेऊन जात. वेढा ऑक्टोबरअखेर उठला तेव्हा राजवटीच्या हाती माल पुष्कळ आला होता. ज्या कबुलीसाठी हा सारा खटाटोप झाला ती मात्र गावाने दिली नव्हती.

या वेढ्याच्या दिवसांत बाहेरच्या जगाशी बैत साहूरचे जे नाते जुळले त्याकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. जेरुसलेममधील युरोपीय देशांचे वाणिज्यदूत चौकशीसाठी निघाले, त्यांना वाटेत अडविण्यात आले. जेरुसलेमच्या ख्रिस्ती पीठांचे प्रमुख अन्नसामग्री घेऊन आले, त्यांनाही माघारी जावे लागले. ७ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे जो ठराव आला त्यात वेढ्याचा निषेध करून जप्त केलेली मालमत्ता ज्याची त्याला परत करण्याची मागणी होती. चौदा सभासदांनी अनुकूल मत दिले, अमेरिकेने नकाराधिकार वापरला, ठराव बारगळला. दाद मागण्याचे जे सर्वोच्च स्थान त्याचे दार अशा रीतीने बंद झाले. मग सरकारांऐवजी माणसांकडे जावे, हा विचार गावात दृढ होत गेला, आणि त्याची पूर्वतयारी आधीच झालेली होती. १९८८ मध्येच येथे लोकांलोकांतील सामोपचारासाठी एक केंद्र निघाले होते. बीरझैत विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे घस्सान अंदोनी हे त्याच्या धुरीणांपैकी एक. या मंडळींनी इस्रायली कुटुंबांना आपल्या घरी पाहुणे म्हणून बोलाविले, त्यांना आपल्या ताटाशेजारी बसविले आणि लष्कराने हरकत घेतली असताही हा परिपाठ सोडला नाही. ज्यांचे भाऊ आणि मुलगे गणवेश घालून रस्त्यावर उभे आहेत त्यांनाच आपल्या छपराखाली झोपावयास बोलावणे, ही धिटाई निःशस्त्र माणसालाच शक्य होते.

१९९७ च्या मार्च महिन्यात जवळच्या अबू घनेम टेकडीवर, ज्या जमिनीत बैत साहूरच्या कुटुंबांचेही हिस्से होते, हार होमा या इस्रायली वसाहतीचे बांधकाम सुरू झाले. गावकऱ्यांनी, त्यांच्या इस्रायली स्नेह्यांनी आणि परदेशी पाहुण्यांनी निदर्शने केली. सुरक्षा समितीतील ठराव त्या महिन्यात दोनदा नकाराधिकाराने पडला. पाइनची झाडे तुटली आणि वसाहत उभी राहिली. हा पराभव होता, आणि त्याला दुसरे नाव देण्यात अर्थ नाही.

२००० च्या सप्टेंबरात दुसरा उठाव सुरू झाला तेव्हा हवा पार पालटली होती. एका बाजूने रणगाडे आणि हेलिकॉप्टरे, दुसऱ्या बाजूने बंदुका आणि इस्रायली शहरांतील बसगाड्यांत, उपाहारगृहांत निरपराध माणसांचे बळी घेणारे आत्मघातकी स्फोट, या कोलाहलात बैत साहूरसारख्या गावाचा स्वर ऐकू येईनासा झाला. अशा वेळी, २००१ मध्ये, अंदोनी, हुवैदा अराफ, ॲडम शॅपिरो, इस्रायली कार्यकर्त्या नेता गोलान आणि त्यांचे सहकारी यांनी आंतरराष्ट्रीय ऐक्यभाव चळवळ उभारली. परदेशातून येणाऱ्याने शस्त्र हाती धरावयाचे नाही आणि निर्णय स्थानिक पॅलेस्टिनी लोकांनी घ्यावयाचा, ही तिची दोन मूलसूत्रे होती. दुसरे सूत्र मला विशेष मोलाचे वाटते. दुबळ्यांच्या साह्यास धावून जाणारा बलवान बहुधा त्यांचा पुढारी होऊन बसतो. येथे त्याला आरंभीच सांगण्यात आले की तू पाहुणा आहेस, घर आमचे आहे.

मे २००२ मध्ये बेथलेहेमच्या जन्ममंदिराला वेढा पडलेला असताना या चळवळीतील काही जण अन्न घेऊन सैनिकांच्या डोळ्यांदेखत आत शिरले. पुढच्या वर्षी १६ मार्च रोजी गाझा पट्टीतील रफाह येथे एका घराचे पाडकाम अडविण्यासाठी उभी असलेली रेचल कोरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन मुलगी लष्करी बुलडोझरखाली ठार झाली. तिच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे न्यायालयांची पायरी झिजविली. हैफाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. तिचे नाव आज जगभर उच्चारले जाते आणि ते तसे उच्चारले जावे. पण त्याच रफाहमध्ये त्याच काळात ज्या शेकडो कुटुंबांची घरे जमीनदोस्त झाली त्यांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत, हे दुःख त्या चळवळीतील लोकांनीच प्रथम बोलून दाखविले. परदेशी पारपत्र जवळ असलेल्याचा जीव अधिक मोलाचा मानला जातो म्हणूनच तर त्याला ढाल होता येते. अन्याय रोखण्याचे हे साधन त्याच अन्यायातून घडलेले आहे, आणि ते वापरणाऱ्याला याची जाणीव क्षणभरही विसरता येत नाही.

ऑक्टोबरात पहिला पाऊस पडून गेला, फळांवरची धूळ धुतली गेली, की ऑलिव्हची तोडणी सुरू होते, आणि या चळवळीचे सर्वांत शांत पण बहुधा सर्वांत टिकाऊ काम तेव्हा चालते. झाडाखाली ताडपत्री अंथरलेली असते, म्हातारी माणसे खालच्या फांद्या हाताने ओरपीत बसलेली असतात, तरुण शिडीवर चढतात, आणि शेजारच्या वसाहतीतून कोणी दगड घेऊन उतरू नये म्हणून दोन-चार परदेशी किंवा इस्रायली माणसे त्याच ताडपत्रीवर पाने निवडीत बसतात. मानवी हक्कांसाठी झटणारे इस्रायली रब्बीही त्यांत असतात. शेतकऱ्याला आपल्या झाडापर्यंत जाऊ देणे आणि तेथे त्याचे रक्षण करणे हे लष्कराचे कर्तव्य आहे, असे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये निकालपत्रात नमूद केले; त्या निकालाची अंमलबजावणी होते की नाही हे पाहण्यासाठीही कोणी तरी शेतात हजर असावे लागते.

करांचा प्रश्न तसाच राहिला. १९९४ च्या पॅरिस करारान्वये पॅलेस्टिनी मुलखात येणाऱ्या मालावरील जकात इस्रायल वसूल करतो, त्यातून तीन टक्के आपल्या श्रमाचे म्हणून वळते करून घेतो आणि उरलेली रक्कम पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे धाडतो. मतभेद झाला की ती रक्कम रोखून धरण्यात येते, आणि शिक्षकांचे, परिचारिकांचे पगार थकतात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची वाटही अरुंद झाली आहे. इस्रायलवर किंवा त्याच्या वसाहतींवर बहिष्काराची जाहीर हाक देणाऱ्या परदेशी माणसाला देशात प्रवेश नाकारण्याचा कायदा मार्च २०१७ मध्ये संमत झाला असून, तोडणीच्या हंगामासाठी निघालेल्या कित्येकांना विमानतळावरच्या चौकशीनंतर पुढच्या विमानाने परत पाठविण्यात येते. जे पोचतात त्यांची उतरण्याची सोय पूर्वीप्रमाणेच गावकऱ्यांच्या घरी होते.