रायमन पाडलं असतं तर

नील यंगचा 'हार्ट ऑफ गोल्ड' हा कॉन्सर्टचा माहितीपट काल रात्री पुन्हा पाहिला. ऑगस्ट २००५, अमेरिकेतलं नॅशव्हिल. नील ५९ वर्षांचा. मार्चमध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा निघाला, शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये वडील गेले. ते पत्रकार, अखेरीस स्मृती गेलेली. एवढं सोसून माणूस शांतपणे गातो. दिग्दर्शक जोनाथन डेमीचा कॅमेरा स्टेज सोडत नाही, टाळ्या पिटणारी गर्दी जवळपास दिसतच नाही.

पण मित्रांनो, मला बोलायचंय ते त्या सभागृहाबद्दल. रायमन. १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेलं, बसायला लाकडी बाकं. 'ग्रँड ओल ओप्री' हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम १९४३ पासून इथूनच व्हायचा. १९७४ ला तो नव्या इमारतीत गेला, आणि जुनी पाडायची भाषा! लोक आडवे आले म्हणून वाचली. तरी नीट दुरुस्त होऊन उघडायला १९९४ उजाडलं.

याच ओप्रीने हँक विल्यम्सला १९५२ मध्ये दारूपायी काढून टाकलं होतं. पाचेक महिन्यांत तो गेला, अवघा २९ वर्षांचा. त्याची गिटार पुढे नीलकडे आली. माहितीपटात नील तीच घेऊन रायमनच्या स्टेजवर उभा आहे. तिथे पार्किंग झालं असतं, तर ती गिटार परत आणायची कुठे?