बर्फघर आणि घरातला बर्फ

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगत, ट्रिप्लिकेनच्या बाजूस, गोलाकार दर्शनी भागाची एक जुनी वास्तू आहे. आज तिचे नाव ‘विवेकानंदर इल्लम’ असले, तरी लोकांच्या तोंडी अद्याप ‘आइस हाउस’च आहे. कचेरीतून परतताना बसमध्ये हे नाव आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आणि सोडून दिले. घरी फ्रीजरवरून वाद उपस्थित झाला, तेव्हा मात्र त्याची चौकशी करावीशी वाटली.

वाद साधाच होता. आम्ही उभयता नोकरीला. सायंकाळी सातनंतर स्वयंपाकास आरंभ करावयाचा, म्हणून रविवारीच नारळ खोवून, आमटीचे वाटण करून, मोड आलेली मटकी वाफवून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा परिपाठ आम्ही घातला. गावाहून आलेल्या आईने निर्णय दिला, “शिळे ते शिळेच. बर्फात ठेवल्याने ते ताजे होते काय?”

ज्या गावी हिवाळा केवळ नावापुरता, तेथे बर्फाचे घर आले ते बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यामुळे. मॅसॅच्युसेट्समधील तळी थंडीत गोठली की घोड्यांच्या नांगराने बर्फावर चौकटी आखीत, लाद्या कापीत आणि लाकडाच्या भुशात बसवून जहाजात भरीत. भुशात अडकलेली हवा उष्णतेला अटकाव करी. सन १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, सुमारे १०० टन बर्फ उतरला! पुढच्याच वर्षी मुंबईस बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, असे सांगतात. मद्रासचे बर्फघर सन १८४२ च्या सुमारास उभे राहिले. वॉल्डन तळ्यावरील बर्फकापणी पाहणाऱ्या थोरोलाही आपल्या ग्रंथात मद्रास आणि मुंबईच्या तहानलेल्यांची आठवण झाली.

त्या बर्फाने कोणाच्या स्वयंपाकाचे कष्ट मात्र हलके केले नाहीत. तो प्रामुख्याने साहेबाच्या पेल्यासाठी होता. पुढे येथेच यंत्राने बर्फ होऊ लागला आणि ट्यूडरचा व्यापार बसला. वास्तू वकील बिळिगिरी अय्यंगार यांच्याकडे आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुब्बलक्ष्मी या बालविधवा पदवीधर स्त्रीने आपल्यासारख्याच मुलींना तेथे आसरा आणि शिक्षण दिले. ज्यांचा जन्म चुलीपाशी सरायचा, त्यांच्या हाती तेथे पुस्तक आले.

शीतविद्येची पुढची पायरीही त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये पडली. क्लॅरेन्स बर्ड्सआयने लॅब्राडॉरच्या कडाक्यात मासे क्षणार्धात गोठताना पाहिले होते. सावकाश गोठलेल्या पदार्थात बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाटतात. झटपट गोठविल्यास ते सूक्ष्म राहतात. या तत्त्वावर गोठविलेले अन्न सन १९३० मध्ये स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विकावयास आले. भारतात गोदरेजने पहिला स्वदेशी फ्रीज सन १९५८ मध्ये काढला.

तेव्हापासून आम्ही वाटण पूर्ण निवल्यावर, एका वेळेपुरते, पातळ चपट्या थरात गोठवितो. पाकिटावर तारीख घालतो. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असेही नाही. म्हणून एकदा वितळलेले पुन्हा गोठवीत नाही.

हे सारे आईला सांगितले. तिने ऐकून घेतले व काही बोलली नाही. तेवढ्यात आमचे लक्ष तिने बरोबर आणलेल्या डब्यांकडे गेले. सांडगे, कुरडया, आंबोशी! वैशाखाचे ऊन ती आयुष्यभर आषाढासाठी साठवीत आली होती. उन्हाने राखलेले शिळे नव्हे, तर थंडीने राखलेले तेवढे शिळे कसे? हा प्रश्न जिभेवर आला होता. आम्ही तो गिळला.

कार्तिकातल्या एका रात्री पावसाने रस्ते तुंबले आणि आम्ही दोघे नऊ वाजता भिजून घरी पोहोचलो. दार उघडताच आमटीचा वास आला. फ्रीजरमधले एक पाकीट कमी होते. आई एवढेच म्हणाली, “तारीख बघून सगळ्यांत जुने तेच आधी काढले.”