टँकमधली गोगलगाय येते कुठून? क्लीन-अप क्रूची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे घाईत निसटलं, तेही इथे नीट घातलंय.

मरीन टँकबद्दल बोललो तेव्हापासून एक प्रश्न सतत येतोय: "नवीन खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय, क्लीन-अप क्रूमध्ये काय काय घेऊ?" क्लीन-अप क्रू म्हणजे काचेवरचं शेवाळ, वाळूत पडलेलं खाणं, मेलेलं काहीबाही खाऊन टाकणारी मंडळी. गोगलगायी, हर्मिट खेकडे वगैरे. माझा स्वतःचा टँक बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये टीव्हीच्या शेजारी आहे, त्यामुळे उत्तर देणारच. पण आधी इतिहास. यादी आली कुठून हे कळलं की तिच्यातली अर्धी नावं आपोआप खोडली जातात.

सुरुवात लंडनमध्ये. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणलं. वीज नाही, पंप नाही. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? घरातली मोलकरीण रोज ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची, आपण चहा गार करतो तसं. म्हणजे मरीन टँकचा पहिला एअर पंप एक बाई होती, आणि तिचं नाव इतिहासात सापडत नाही.

पुढचं पाऊल रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचं. त्याने गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. हिशोब सरळ होता: वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे तो वापरतील. पण पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग छापला. आजच्या भाषेत हाच पहिला क्लीन-अप क्रू. नंतर खाऱ्या पाण्याकडे वळल्यावर त्याने तेच काम किनाऱ्यावरच्या पेरिविंकल गोगलगायीला दिलं.

कोड लिहिणाऱ्या माणसाला हा प्रयोग लगेच आवडतो. एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, वॉरिंग्टनकडे घाण आधी आली आणि गोगलगाय नंतर. आज आपण बरोबर उलटं करतो.

मग आला फिलिप हेन्री गॉस. लेखक, निसर्गप्रेमी, चित्रकारही उत्तम. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं आणि १८५४ मध्ये गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. अ‍ॅक्वेरियम हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो त्याच्यामुळेच. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. रेल्वे थेट किनाऱ्यापर्यंत जात होती. झालं, दिवाणखान्यात समुद्र ठेवायची लाटच आली. लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन खडकांवर तुटून पडले.

याचा शेवट गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहून ठेवलाय. वडिलांनी ज्या खडकांतल्या डबक्यांची इतकी देखणी वर्णनं केली होती, ती डबकी त्यांच्याच वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. वडिलांना हे जिवंतपणी बघावं लागलं आणि ते त्यांना फार लागलं. टँक स्वच्छ ठेवायची पद्धत सापडली होती, पण ते प्राणी येतात कुठून आणि मागे काय उरतं, हे विचारायचं राहून गेलं.

आता आपल्याकडे या. मुंबईकरांनी समुद्र पहिल्यांदा काचेतून पाहिला तो बहुतेक तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये ते सुरू झालं, डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराच्या देणगीमुळे त्यांचं नाव लागलं, आणि २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडलं. शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावलेली पिढी आज पगारातून मरीन टँक लावतेय. घरगुती छंदाच्या पद्धती मात्र बाहेरून आल्या. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक टँकमध्ये ठेवून, फक्त हवेच्या बुडबुड्यांवर टँक चालवून दाखवला. त्या खडकांतच जिवाणू, किडे, छोट्या गोगलगायी असायच्या. क्रू खडकासोबत फुकट यायचा. परदेशी यूट्यूबवर आजही 'लाइव्ह रॉक घ्या' म्हणतात ते यातूनच.

इथेच आपली गाडी वेगळ्या रुळावर जाते. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेकदा प्रवाळाचा तुकडा. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच रांगेत, खडक बांधणारी सगळी प्रवाळं आणि सगळ्या समुद्री काकड्या आल्या. त्याच वेळी ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या मोठ्या गोगलगायीही संरक्षित यादीत गेल्या. परदेशी याद्यांमध्ये 'बेस्ट क्लीनर' म्हणून ट्रोकस, टर्बो आणि समुद्री काकडी हमखास असतात. दुकानात 'ट्रोकस' म्हणून मिळणारी प्रत्येक गोगलगाय तीच असेल असं नाही, पण जात कोणती हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर घेऊ नका. काकडी तर कुणी फुकट दिली तरी नको.

आणि हे फक्त अंदमान-लक्षद्वीपचं प्रकरण समजू नका. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडलं. २०२० मध्ये परवानगी घेऊन त्याच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. आपल्या या मातकट पाण्यात!

"मग जुहूवरून दोन गोगलगायी उचलून आणल्या तर?" हा पुढचा प्रश्न मला माहितीये. आणू नका. खडकांवरच्या नेराइट, वाळूतल्या नासारियस, शंख पाठीवर घेऊन पळणारे हर्मिट, हे सगळे आपल्या किनाऱ्यावर आहेत हे खरं. पण आपल्या सांडपाण्यातून त्यांच्यासोबत काय येईल सांगता येत नाही. आणि मुंबईतल्या हजार टँकवाल्यांनी हाच विचार केला, तर गॉसच्या किनाऱ्याचं झालं तेच जुहूचं होईल. बघायचंच असेल तर ओहोटीला जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हेच जीव दाखवतोय. दगड उचललात तर परत होता तसा ठेवा.

आता यादी. आपल्याकडे टँक कोरड्या खडकावर सुरू होतो, म्हणजे पहिल्या दिवशी आत खायला काहीच नसतं. आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत कुणालाही आत सोडू नका. मग वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटमचा. घाबरू नका, क्रूचं जेवण वाढलं गेलंय.

१०० लिटरच्या टँकला सुरुवातीला चार-पाच गोगलगायी पुरेत. काच आणि दगडांसाठी नेराइट. वाळू आणि दगड दोन्हींसाठी सेरिथ. नासारियस शेवाळ खात नाही, ती उरलेल्या खाण्यावर आणि मेलेल्यावर जगते, म्हणून मासे आल्यावरच घ्या. हर्मिट घ्यायचेच तर एक-दोन, आणि सोबत थोडे मोठे रिकामे शंख ठेवा, नाहीतर घरासाठी ते गोगलगायीचा जीव घेतात. वाळू चाळणारा तारामासा नव्या छोट्या टँकमध्ये उपाशी मरतो, तो नकोच. 'एका गॅलनला एक गोगलगाय' हा हिशोब विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात, कुजतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. सफाईसाठी आणलेलेच घाण होतात.

आणल्यावर थेंब-थेंब पाणी मिसळत निदान तासभर सवय होऊ द्या, क्षारता १.०२५ च्या आसपास ठेवा, आणि तांबं असलेलं माशांचं औषध या टँकमध्ये कधीच टाकू नका. माशाला बरं करणारा तो डोस गोगलगायीला मारतो.

दुकानात किंमत विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: जात कोणती, आणि आली कुठून? उत्तर मिळालं नाही तर परत या. शेवाळ कुठे पळून जात नाही, आठवडाभर मॅग्नेटने काच घासा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.