वाक्-अभिज्ञान आणि सोलापूरची बोली

वाक्-अभिज्ञान : मानवी उच्चार ओळखून त्याचे लिखित मजकुरात किंवा आज्ञेत रूपांतर करण्याची यांत्रिक प्रक्रिया. ध्वनिग्राहकातून आलेल्या ध्वनितरंगाचे सु. २५ मिलिसेकंदांचे, एकमेकांवर अंशतः चढणारे तुकडे पाडतात व प्रत्येक तुकड्यातील ऊर्जा निरनिराळ्या कंप्रतांमध्ये कशी विभागली आहे, हे मोजतात. या मापांवरून कोणता स्वनिम उच्चारला गेला आणि त्यापुढे कोणता शब्द येणे संभाव्य आहे, हे संगणक ठरवितो.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ मध्ये तयार केलेले ‘ऑड्री’ हे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखी, तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याचेच. आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ला (१९६२) १६ शब्द कळत. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘हार्पी’ या प्रणालीने १९७६ मध्ये सु. १,००० शब्दांची मजल गाठली. त्याच दशकात उच्चारांचे नियम हाताने लिहिण्याऐवजी नोंदविलेल्या आवाजांतून संभाव्यता काढण्याची पद्धती पुढे आली. २०१० नंतर बहुस्तरीय कृत्रिम तंत्रिका जालांमुळे अचूकता पुष्कळ वाढली. मात्र यंत्राचे ज्ञान त्याला ऐकविलेल्या आवाजांवरच अवलंबून राहिले.

मराठीतील प्रयत्न : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाक्-अभिज्ञानावर दीर्घकाळ काम केले. २०१० च्या सुमारास केंद्र शासनाच्या साहाय्याने शेतमालाचे भाव दूरध्वनीवरून सांगणारी प्रणाली मराठीसह सहा भारतीय भाषांसाठी हाती घेण्यात आली. पीक, बाजारपेठ व जिल्हा यांची नावे एवढाच तिचा शब्दसंग्रह होता. परंतु त्यासाठीही शेतकऱ्यांचे आवाज गोळा करावे लागले. २०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश केला.

सोलापूरची भाषिक परिस्थिती : मराठी लिपीतील ‘ज’ हे अक्षर दोन उच्चार दर्शविते. ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) हे शब्द लिहिताना सारखे, पण उच्चारात भिन्न आहेत. अशा अडचणी सर्वत्र आहेत. सोलापुरात त्यांत बहुभाषिकतेची भर पडते. जिल्ह्याच्या कर्नाटकालगतच्या भागात, विशेषतः अक्कलकोटकडे, कन्नड बोलली जाते. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकर समाजाची घरची भाषा तेलुगू आहे. उर्दू व दखनीही शहरात ऐकू येते. एकच व्यक्ती घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलते, तेव्हा एका भाषेची लकब दुसरीत उतरते. ‘करतो आहे’ या अर्थी ‘करालाय’ यासारखी बोलीतील रूपे प्रमाण मराठीवर घडविलेल्या यंत्रास अपरिचित ठरतात.

‘वाणी’ प्रकल्प : बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आर्टपार्क व गूगल यांनी २०२२ मध्ये आरंभिलेल्या या प्रकल्पात भाषेऐवजी जिल्हा हा संकलनाचा घटक मानला आहे. पहिल्या टप्प्यातील ८० जिल्ह्यांत सोलापूरचा समावेश होता. निवेदकास चित्र दाखवून त्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलण्यास सांगतात. त्यामुळे वाचनाचा कृत्रिम सूर टळतो आणि सोलापूरच्या मुद्रणांत मराठीबरोबर तेथील इतर भाषांनाही वाव मिळतो. ध्वनिमुद्रणांपैकी काही भागाचेच लिप्यंतर केले जाते. ही सामग्री संशोधकांस खुली आहे.

महत्त्व : संकलित आवाज शिक्षित व नागर वर्गाचेच असतील, तर विणकरास किंवा शेतमजुरास यंत्राशी बोलताना आपली भाषा बदलावी लागेल, ज्याला लिहिता येत नाही त्याला तर दुसरा मार्गच उरत नाही. बोलीतील ‘करालाय’ जसेच्या तसे लिहावे की प्रमाणरूपात बदलावे, हा लिप्यंतरकाराचा निर्णयही म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. पहिल्या पर्यायात बोलीची नोंद टिकते, तर दुसऱ्यात शोध व भाषांतर सुलभ होते. दोन्ही रूपे शेजारीशेजारी नोंदविणे खर्चिक असले, तरी त्यामुळे बोलीचा लोप न होता तिचा उपयोग साधतो.